उदास, उदासीन, उदासवाणा: नेमकं कुठे काय?

तिरपा_काना (धागाकर्ता)

मानसिक आरोग्यावरच्या एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर तपासायचा आहे. त्यातली ही तीन वाक्यं बघा:

१) रुग्ण दिवसभर उदासीन असतो.
२) त्याला सतत उदासीनता वाटते.
३) आवडीच्या कामांविषयीही तो उदास होतो.

पहिल्या दोन वाक्यांत 'मन खाली गेलेलं असतं' एवढंच म्हणायचं आहे. तिसऱ्यात 'कशातच रस उरत नाही' असं. लिहिणाऱ्याने उदास आणि उदासीन हे एकाच शब्दाचे आखूड-लांब अवतार समजून वाटेल तिथे टाकलेत. दोन्ही शब्द आलटून पालटून चालतात का? चालत नसतील तर फरक कसा ओळखायचा? 'शब्दकोश बघा' हे उत्तर नको. कोशात दोन्ही शब्दांपुढे दोन्ही अर्थ सापडतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

---

कोशकिडा

आजच्या मराठीत चालत नाहीत. कसोटी सोपी आहे: शब्दाला जोडून येणारं शब्दयोगी अव्यय बघा.

उदासीन माणूस कशाविषयी तरी उदासीन असतो. विषयी, बद्दल, बाबत यांपैकी काहीतरी तिथे असतं किंवा गृहीत असतं. मतदानाबद्दल उदासीन, स्वतःच्या तब्येतीविषयी उदासीन. विषय काढून टाकला की वाक्य लंगडं होतं. 'तो उदासीन आहे' एवढंच म्हटलं तर ऐकणारा विचारणारच, 'कशाबद्दल?'

उदास माणूस कशामुळे तरी उदास असतो, किंवा कशामुळेही नसतो. 'तो उदास आहे' हे वाक्य तिथेच पुरं होतं. पुढचा प्रश्न आला तर 'का?' असा येतो, 'कशाबद्दल?' असा नाही.

क्रियापदांतही फरक पडतो. 'मला उदास वाटतं' ही अस्सल मराठी रचना: वाटणारा चतुर्थीत आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात, म्हणून भूतकाळात 'मला उदास वाटलं'. स्वतःच्या मनाबद्दल 'मला उदासीन वाटलं' असं कुणी म्हणत नाही. 'तो मला उदासीन वाटला' चालतं, पण तिथे वाटला म्हणजे भासला, आणि ते दुसऱ्याबद्दलचं मत झालं. तुमचं दुसरं वाक्य इथेच अडकतं. 'उदासीनता वाटते' म्हणजे स्वतःची बेफिकिरी स्वतःलाच जाणवते, असं काहीतरी विचित्र.

पत्रकातल्या तिन्ही वाक्यांत शब्दांची बरोबर उलटापालट झाली आहे. पहिल्यात 'उदास' हवं, दुसऱ्यात 'उदास वाटतं' हवं, आणि तिसऱ्यात, जिथे 'विषयी' आहे तिथेच नेमकं 'उदास' लिहिलंय.

---

जुनी_पोथी

कसोटी आजच्या मराठीपुरती पक्की आहे, पण जुन्या मजकुराला लावायला गेलात तर फसाल. तिसरं वाक्य लिहिणाऱ्याची बाजू घेतोय असं समजा हवं तर. 'विषयी उदास' ही रचना मराठीत शेकडो वर्षं होती आणि ती चूक नव्हती.

तुकोबांचं सगळ्यांना पाठ असलेलं चरण घ्या:

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥

जोडणे म्हणजे मिळवणे, वेच म्हणजे खर्च. चांगल्या मार्गाने पैसा मिळवावा आणि 'उदास विचारें' खर्च करावा. आजच्या अर्थाने वाचलं तर पैसे खर्च करताना तोंड पाडून बसावं असा उपदेश निघतो! इथे उदास म्हणजे निरासक्त. पैशात जीव न गुंतवता, 'माझं माझं' न करता खर्च करणारा. दुःखाचा लवलेश नाही, उलट हे वर्णन कौतुकाचं आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात १६ व्या श्लोकात भक्ताची लक्षणं सांगताना 'अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः' असं येतं. उदासीनच्या लगेच पुढे गतव्यथ, म्हणजे ज्याची व्यथा गेली आहे असा. उदासीनचा अर्थ दुःखी धरला तर दोन शब्द एकमेकांच्या छाताडावर बसतात. सहाव्या अध्यायात (श्लोक ९) सुहृद, मित्र, अरी यांच्या रांगेत उदासीन येतो. तिथे तो ना मित्र ना शत्रू असा तटस्थ.

म्हणजे क्रम असा लागतो: आधी अलिप्त, मग रस नसलेला, मग निरुत्साही, आणि शेवटी खिन्न. बाहेरून बघणाऱ्याला विरक्त माणूस आणि दुःखी माणूस सारखेच दिसतात. दोघेही कशात भाग घेत नाहीत. अर्थ बहुधा त्या दिसण्यावरून सरकला. 'उदास' सरकत सरकत पार खिन्नतेपर्यंत गेला, 'उदासीन' मधल्या पायरीवर थांबला.

---

मधला_बाक

उदास = उ + दास, म्हणजे जो कुणाचा दास नाही तो, अशी फोड कीर्तनात ऐकली आहे. विरक्त या अर्थाशी जुळतेही.

---

धातुपाठ

कीर्तनात शोभते, व्याकरणात नाही. दास या शब्दाशी काही संबंध नाही.

उद् + आस्. आस् म्हणजे बसणे (आसन त्यातूनच). 'उदास्ते' म्हणजे बाजूला बसतो, भाग घेत नाही. उदासीन हे त्याचं वर्तमानकालवाचक विशेषण: आस् ला 'आन' प्रत्यय लागतो आणि पाणिनीच्या 'ईदासः' (७.२.८३) या सूत्राने त्या आनच्या आ चा ई होतो. म्हणून आसीन, आणि म्हणून उदासीन. 'सी' दीर्घ का, याचं उत्तर याच सूत्रात आहे.

याच धातूचा दुसरा वंशज म्हणजे उपासना. उप + आस्, जवळ बसणे. एक जवळ बसण्याचा शब्द, एक दूर बसण्याचा.

---

मधला_बाक

मग उपासही त्यातलाच?

---

धातुपाठ

नाही. उपास आला उपवासावरून, आणि उपवासात वस् धातू आहे (राहणे). मराठीत आल्यावर 'व' गळाला आणि शब्द सारखे दिसू लागले, इतकंच.

---

खाडाखोड

विषय निघालाच आहे तर लेखनातल्या चुका एकदाच सांगून टाकतो. मुद्रितं तपासताना या हमखास सापडतात.

उदासिन चूक. उदासीन. शब्द तत्सम असल्यामुळे विभक्ती लागल्यावरही 'सी' दीर्घच राहते: उदासीनांना, उदासीनतेमुळे. गरीबचं गरिबाला होतं तसं इथे होत नाही. तो ऱ्हस्वाचा नियम तत्सम शब्दांना लागू नाही; शरीरचं शरीराला होतं, शरिराला नाही.

औदासिन्य चूक. औदासीन्य. मूळ शब्दाची 'सी' तशीच राहते, फक्त पहिल्या 'उ' चा 'औ' होतो.

औदासीन्यता दुहेरी चूक. औदासीन्य हेच भाववाचक नाम आहे, त्याला आणखी 'ता' कशाला? सौंदर्यता, धैर्यता यांच्याच पंगतीतला प्रकार. उदासीनता लिहा किंवा औदासीन्य लिहा.

औदास्य हा चुकीचा शब्द नाही. उदासवरून तो रीतसर तयार होतो. पण आता फक्त छापील गद्यात उरलाय, आणि वाचणारा औदासीन्याचा मुद्रणदोष समजून 'दुरुस्त' करून टाकतो.

उदासवरून रोजच्या वापरातलं नाम हवं असेल तर उदासपणा. 'उदासी' हल्ली फार दिसतं, 'मनावर उदासी पसरली' वगैरे. ती हिंदीची सावली आहे. मराठीत उदासी म्हटलं की जुन्या वाचकाला आधी विरक्त साधू आठवतो. कवितेत कुणी वापरलं तर हरकत नाही, माहितीपत्रकात नको.

---

परीक्षानळी

उदासीनचा तटस्थ हा अर्थ मेलेला नाही, शाळेत रोज वापरात आहे. लिटमसवर परिणाम न करणारं द्रावण उदासीन. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) ७, म्हणून ते उदासीन. आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन क्षार आणि पाणी तयार होतं, ती उदासीनीकरणाची अभिक्रिया. छापील मजकुरात 'उदासिनीकरण' असंही दिसतं. वरचा नियम लावला तर दोन्ही ठिकाणी दीर्घ हवं.

---

जुनी_पोथी

राजनीतीतही आहे. कौटिल्याच्या राजमंडलात १२ राजे, आणि त्यांतला एक 'उदासीन'. विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), अरी (त्याचा शत्रू) आणि मध्यम (त्या दोघांना लागून असलेला बलवान राजा) या तिघांच्या बाहेरचा, त्यांच्याहून बलवान, मनात आणलं तर कुणालाही मदत करू शकेल किंवा दडपू शकेल असा. म्हणजे उदासीन हा दुबळा नव्हे, ताकद असून लांब बसलेला.

अवांतर: सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला स्नान करणाऱ्यांत उदासीन आखाड्याचे साधू असतात. नावाचा संबंध गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्यापासून चालत आलेल्या उदासी पंथाशी. तिथेही अर्थ विरक्तच.

---

शब्दांकित

'कोशकिडा' यांच्या कसोटीला एक मोठा अपवाद दाखवतो. बालकवी (१८९०-१९१८):

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला

कवितेचं नावच 'उदासीनता'. इथे ना तटस्थपणा, ना बेफिकिरी. सरळसरळ खिन्नता, कारण पुढे लगेच काहीतरी बोचतंय. मग 'उदासीनता म्हणजे अनास्था' हा नियम कसा टिकणार?

---

कोशकिडा

अपवाद मान्य, पण अर्धाच. त्या काळच्या मराठीत उदासीनता दोन्ही अर्थांनी चालायची आणि काव्यात आजही चालेल. मात्र ओळीच नीट बघा. कवी 'कशाविषयी' असं विचारत नाही, 'कोठुनि येते' असं विचारतो. म्हणजे शब्द जरी उदासीनता असला तरी प्रश्न 'का, कुठून' याच जातीचा आहे. आजूबाजूची रचना अर्थ सांगते. 'लोकांची पाणीप्रश्नाबाबतची उदासीनता' म्हटलं की अर्थ ताबडतोब पालटतो.

गद्यात वाचकाला इतका वेळ नसतो. बातमीची भाषा गेली कित्येक वर्षं उदासीनता फक्त अनास्थेसाठी वापरते: प्रशासनाची उदासीनता, मतदारांमधली उदासीनता. आजचा वाचक हाच अर्थ डोक्यात घेऊन येतो. 'शासन उदासीन, शेतकरी उदास' असा मथळा कुणी दिला तर एकालाही समजावून सांगावं लागणार नाही. फरक लोकांच्या कानात आहे, लिहिणाऱ्यांच्या हातून सुटतो.

---

तिरपा_काना

हे पटलं. आता पुढचं: उदासला शेजारी बरेच आहेत. खिन्न, विषण्ण, कष्टी, खट्टू, हिरमुसला... पत्रकात एकच शब्द पंधरा वेळा आला म्हणून कुणीतरी मधेमधे 'खिन्न' आणि 'विषण्ण' पेरलेत. ठेवावेत?

---

अनुवादिका

काढा. माहितीच्या मजकुरात एका गोष्टीला एकच शब्द. वाचकाला वाटेल खिन्न हे वेगळं लक्षण आहे आणि विषण्ण ही त्याची पुढची पायरी.

आणि ते खरोखरच वेगळे आहेत. ढोबळ नाही, नेमका फरक सांगते.

*उदास* मंद असतं. टोक नसतं, कारण सापडेलच असं नाही, आणि बराच वेळ रेंगाळतं. शिवाय ते माणसापुरतं नाही. संध्याकाळ, सूर, रंग, घर, काहीही उदास असू शकतं.

*खिन्न* माणसापुरतं (किंवा त्याच्या हसण्या-बघण्यापुरतं: खिन्नपणे हसला). कारण बहुधा माहीत असतं. खिन्न हसणं म्हणजे 'हे असंच होणार होतं' हे कळून चुकलेलं हसणं. उदास हसण्यात ते कळणं नसतं. खिद् पासून खिन्न, आणि त्याचाच भाऊ खेद, म्हणून त्यात थोडी खंत मिसळलेली असते.

*विषण्ण* जड. जगाबद्दल, माणसांबद्दल काही भयंकर कळल्यावर माणूस विषण्ण होतो. अर्जुनाचा विषाद तो हाच, दोन्ही शब्द वि + सद् वरून. भाजी करपली म्हणून कुणी विषण्ण होत नाही. झालाच तर लिहिणाऱ्याला विनोद करायचाय.

*खट्टू* आणि *हिरमुसला* हलके आणि तात्पुरते. दोन्हींत अपेक्षाभंग लागतोच. हिरमुसलेला चेहरा क्षणात पडतो आणि समजूत काढली की तितक्याच लवकर उजळतो. उदास माणसाची समजूत काढता येत नाही, कारण कशाची काढायची हेच माहीत नसतं.

*उद्विग्न* दुःखी कमी, अस्वस्थ जास्त. उद्विग्न माणूस येरझारा घालेल, आवाज चढवेल. उदास माणूस बसून राहील.

*कष्टी* गोष्टीतल्या राजाला होऊ द्या. बोलण्यातून जवळजवळ गेलाय.

मृत्यूच्या प्रसंगी मात्र उदास वापरू नका. 'निधनाच्या बातमीने आम्ही उदास झालो' हे व्याकरणाने शुद्ध आणि प्रसंगाला अपुरं. तिथे दुःख होतं, किंवा औपचारिक मजकुरात माणसं शोकाकुल असतात. उदासपणा त्यानंतर येतो, भेटायला आलेली माणसं परत गेल्यावर.

---

खाडाखोड

+१. यात भकास घाला. भकास फक्त जागेचं (किंवा चेहऱ्याचं, पण तिथेही चेहरा रिकाम्या जागेसारखा). भकास माळ म्हणजे तिथे काही नाही. उदास माळ म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटतंय.

---

मधला_बाक

आणि उदासवाणा? माझ्या मते 'वाणा' लागला की शब्द वाईटाकडे झुकतो. केविलवाणा, लाजिरवाणा, किळसवाणा, ओशाळवाणा, दीनवाणा.

---

धातुपाठ

गोजिरवाणा? लोभसवाणा?

---

मधला_बाक

मेलो.

---

अनुवादिका

😄 वाईट-चांगलं हा निकष नाही, पण तुमच्याच यादीत दुसरा एक धागा आहे. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे *बघणाऱ्याला* लाज आणणारी. गोष्ट स्वतः लाजत नाही. किळसवाण्याचंही तेच. उलट ओशाळवाणं हसू म्हणजे *हसणारा* ओशाळलाय. उदासवाणा दोन्हीकडे चालतो: उदासवाणी दुपार (आपल्याला उदास करणारी) आणि उदासवाणा चेहरा (उदास दिसणारा). दोन्हींत भर दिसण्यावर आहे. म्हणून 'मला उदासवाणं वाटतं' हे 'मला उदास वाटतं' पेक्षा जरा वेगळं: त्यात आजूबाजूचं वातावरणही आलं. रुग्णाच्या तोंडी साधं उदासच ठेवा.

लिहिताना एवढं लक्षात असू द्या की उदास अविकारी आहे आणि उदासवाणा विकारी. उदास मुलगा, उदास मुलगी, उदास मुलं. पण उदासवाणा, उदासवाणी, उदासवाणी मुलं, उदासवाण्या डोळ्यांनी. क्रियाविशेषण 'उदासपणे'.

---

गोळी_औषध

उशिरा आलो, पण पत्रकाच्या दृष्टीने मुख्य मुद्दा अजून राहिलाय असं वाटतं. इथे शब्दाची चूक नुसती भाषेची राहत नाही.

नैराश्याचं निदान करताना दोन मुख्य लक्षणं *वेगवेगळी* विचारली जातात. एक, मन उदास असणं. दोन, कशात रस किंवा आनंद न वाटणं. ती किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ आहेत का हे बघतात. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत पहिला प्रश्न रस न वाटण्याचा आणि दुसरा उदास किंवा हताश वाटण्याचा आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७.

आता गंमत बघा. मराठीत रस न वाटणं 'उदासीन'च्या अंगाने जातं, मन खाली जाणं 'उदास'च्या. दोन्हीकडे 'उदासीनता' लिहिलं तर वाचणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा विचारल्यासारखी वाटते आणि तो एकच उत्तर दोनदा देतो. काही माणसांना अजिबात उदास वाटत नाही, फक्त सगळं बेचव झालेलं असतं. वयस्कांत हे बऱ्याचदा दिसतं. पत्रकात फक्त 'उदास' असेल तर अशी माणसं 'हे माझं नव्हे' म्हणून पान उलटतात.

तरी उदासीन हा शब्द पत्रकात वापरूच नये असं मला वाटतं. 'तो घरच्यांविषयी उदासीन झाला' यात दोष दिल्याचा सूर येतो, प्रशासनाला देतात तसा. रुग्णाला आधीच अपराधी वाटत असतं. 'रस वाटत नाही', 'करावंसं वाटत नाही', 'आनंद होत नाही' असं साधं लिहा.

आजाराचं नाव नैराश्य, लक्षणाचं नाव उदासपणा. हे दोन एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. 'अवसाद' हिंदीतून येतोय, तो मराठी वाचकाला परका आहे.

---

कोशकिडा

'उदासीन'मध्ये दोषारोप येतो हे अगदी बरोबर. तुकोबांच्या 'उदास'मधलं कौतुक आणि आजच्या 'उदासीन'मधला ठपका, एकाच धातूचे दोन निकाल.

---

तिरपा_काना

सगळ्यांचे आभार. सुधारलेली वाक्यं:

१) रुग्णाचं मन दिवसभर उदास असतं.
२) त्याला सतत उदास वाटतं.
३) पूर्वी आवडणाऱ्या कामांतही रस वाटत नाही किंवा आनंद होत नाही.
४) हा उदासपणा व निरूत्साह दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांना भेटा.

पहिलं आणि दुसरं एकच होतंय का?

---

अनुवादिका

होतंय. दुसरं काढून टाका, 'सतत' पहिल्यात येऊ द्या: 'रुग्णाला जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ उदास वाटतं.' 'मन उदास असतं' पेक्षा 'उदास वाटतं' बरं. माणूस डॉक्टरसमोर बसून हेच शब्द वापरतो. चौथ्यात 'व' ऐवजी 'किंवा' हवं, नाहीतर दोन्ही असतील तरच भेटायचं असा अर्थ निघतो.

---

गोळी_औषध

आणि 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त' नको, 'दोन आठवडे टिकला तर' पुरे. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. ते वेगळ्या ओळीत, ठळक टाका.

---

खाडाखोड

निरुत्साह. 'रु' ऱ्हस्व.